नो पार्किंगच्या ई-चलानावर हरकत कशी घ्यावी

चलानाचा एसएमएस बहुतेक वेळा गाडी जागेवरून काढून आपण घरी पोहोचल्यावर येतो, आणि तोपर्यंत त्या रस्त्यावर फलक होता की नव्हता, असल्यास त्यावर नेमके काय लिहिले होते, हे नीट आठवतही नसते. मग पाचशे रुपयांसाठी कोण डोकेफोड करणार, असे म्हणून माणूस दंड भरून मोकळा होतो, नाहीतर ‘बघू पुढे’ म्हणून तो एसएमएस तसाच पडू देतो. दंड भरला की हरकत घेण्याची संधी संपते, आणि नुसते दुर्लक्ष केले तर चलानांची यादी वाढत जाऊन नेमकी गाडी विकायच्या वेळी समोर उभी राहते. चलान चुकीचे आहे अशी खात्री असेल तर हरकत घेण्याचा मार्ग खुला आहे आणि तो फारसा अवघडही नाही. मात्र त्यातील निम्म्याहून अधिक काम चलान झाल्याच्या दिवशीच, शक्य तर त्याच तासात, त्याच जागेवर उभे राहून करावे लागते.

पुढील मजकूर महाराष्ट्रातील खासगी दुचाकी आणि चारचाकी गाड्यांवर वाहतूक पोलिसांनी केलेल्या पार्किंगच्या चलानांपुरता आहे. पे-अँड-पार्कचा ठेकेदार जी पावती फाडतो ती शुल्काची असते, दंडाची नव्हे. तिच्याविषयीची तक्रार महापालिकेकडे करावी लागते आणि तिचा येथे विचार केलेला नाही.

आधी दंड भरू नये

चलानाची रक्कम ऑनलाइन भरणे म्हणजे कायद्याच्या भाषेत गुन्ह्याची तडजोड करणे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० प्रमाणे तडजोड झाली की त्या गुन्ह्याबद्दल पुढे कोणतीही कार्यवाही होत नाही. हे ऐकायला बरे वाटते, पण त्याचाच अर्थ असा की आपले म्हणणे मांडायला जागाही उरत नाही. ‘आधी भरून टाकू, मग भांडू’ हा विचार म्हणूनच उलटा आहे. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने या कलमाला एक परंतुक जोडले गेले आहे, ज्याकडे फार थोड्या वाहनधारकांचे लक्ष जाते: तडजोड केलेला गुन्हासुद्धा पुढच्या वेळी ‘पूर्वी केलेला गुन्हा’ म्हणून मोजला जातो. कलम १७७ खाली पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येकाला १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि महाराष्ट्रात ही वाढीव रचना डिसेंबर २०२१ पासून लागू झाली. न केलेल्या चुकीचे पाचशे रुपये आज निमूटपणे भरले, तर उद्याच्या खऱ्या चुकीचा दर आपणच वाढवून ठेवलेला असतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चूक आपली असेल तर दंड भरावा आणि विषय संपवावा. ‘दोनच मिनिटे थांबलो होतो’, ‘औषध आणायला गेलो होतो’, ‘माझ्या मागे दहा गाड्या उभ्या होत्या, त्यांना का सोडले’ ही वाक्ये तक्रारींत फार दिसतात, पण यांतले एकही वाक्य चलान चुकीचे ठरवत नाही. उलट गाडी तिथे उभी होती याची ती लेखी कबुलीच ठरते. हरकत घेण्याजोगी कारणे मोजकी असतात. गाडी आपली नव्हती, जागा मनाई असलेली नव्हती, मनाई होती पण त्या दिवशी किंवा त्या वेळी लागू नव्हती, मनाईचा फलक दिसेल असा नव्हता, किंवा चलानावरचा तपशील मुळातच चुकला आहे. आपले कारण यांपैकी कोणते, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर अर्ज करण्याच्या भानगडीत पडू नये.

चलान नीट वाचावे

महाट्रॅफिक अ‍ॅपवर किंवा राज्याच्या वाहतूक ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकले की त्या गाडीवरची सर्व चलाने आणि त्यांसोबतचे फोटो दिसतात. केंद्राच्या परिवहन पोर्टलवरही चलान पाहता येते. एसएमएसमधील दुव्यावर टिचकी मारून मात्र चलान उघडू नये. चलानाच्या नावाखाली एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी, फाइल पाठवून फोन ताब्यात घेण्याचे प्रकार सर्रास चालतात, आणि सरकारी चलान पाहण्यासाठी असली कोणतीही फाइल फोनमध्ये घ्यावी लागत नाही. पत्ता स्वतः टाइप करावा आणि त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, ते पाहावे.

चलान उघडल्यावर आधी फोटो मोठा करून पाहावा. गाडीचा क्रमांक एकेक अंक बोट ठेवून जुळवावा. ३ आणि ८, १ आणि ७ यांची गल्लत मानवी डोळा करतो आणि कॅमेराही करतो. गाडीचा रंग, मॉडेल, आरशाजवळचा ओरखडा, डिकीवरचा स्टिकर, असे जे काही आपल्या गाडीचे म्हणून ओळखता येईल ते पाहावे. त्यानंतर तारीख, वेळ, ठिकाण आणि कलम पाहावे. पार्किंगच्या चलानात सामान्यतः कलम १२२ आणि १७७ यांचा उल्लेख येतो. कलम १२२ हे इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने वाहन उभे ठेवण्याबद्दल आहे, तर कलम २०१ हे वाहतुकीच्या प्रवाहात अडथळा आणण्याबद्दल आहे. कोणते कलम लावले आहे, यावर उत्तर कसे द्यायचे ते अवलंबून असते. अडथळ्याचा आरोप असेल तर रस्ता किती रुंद होता आणि गाडी कडेला होती की नाही हा मुद्दा होतो. फलकाचे उल्लंघन म्हटले असेल तर फलक हाच मुद्दा होतो.

फोटोत नेमके काय दिसत नाही, हेही पाहावे. नंबर प्लेटचा अगदी जवळून काढलेला फोटो गाडी कोणाची हे सांगतो, पण ती कुठे उभी होती हे सांगत नाही. मागे दुकानाची पाटी नाही, फलक नाही, रस्त्याची कडा नाही, अशा फोटोवरून ठिकाण सिद्ध होत नाही आणि हे अर्जात स्पष्ट लिहावे. कर्मचाऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून चलान नंतर सवडीने टाकण्याची पद्धत बरीच बोकाळली होती. २०२५ च्या जुलैमध्ये राज्याच्या वाहतूक पोलिस मुख्यालयाने खासगी मोबाइलच्या अशा वापराला मनाई केली. चलानाची वेळ आणि फोटोवरची वेळ यांत मोठे अंतर दिसले तर त्याची नोंद करून ठेवावी.

चलान रस्त्यावरच्या कॅमेऱ्यातून आपोआप झाले असेल तर आणखी एक आधार मिळतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेल्या नियम १६७-अ ने अशा चलानांसाठी काही अटी घातल्या: गुन्हा आणि नंबर प्लेट दोन्ही स्पष्ट दिसणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण, मोडलेल्या तरतुदीचा उल्लेख, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचे प्रमाणपत्र, आणि गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांच्या आत सूचना. अनधिकृत जागी वाहन उभे करणे हा या नियमाच्या यादीतला गुन्हा आहे. यांपैकी एखादी गोष्ट नसेल तर ती नेमकी कोणती, हे लिहावे. हरकतीच्या आणि दंड भरण्याच्या मुदती मात्र सरकार वेळोवेळी बदलते, त्यामुळे आपल्या चलानावर जी मुदत छापलेली आहे तीच प्रमाण मानून कॅलेंडरवर खूण करून ठेवावी.

फलक नव्हता म्हणजे सुटलो, असे नाही

सर्वांत जास्त तक्रारी या एका गैरसमजावर आपटतात. मोटार वाहन (वाहन चालविणे) विनियम, २०१७ प्रमाणे काही जागी वाहन उभे करण्यास मुळातच मनाई आहे आणि तिथे फलकाची गरज नाही. फूटपाथ, सायकल मार्ग, झेब्रा क्रॉसिंग, चौकाच्या तोंडाशी असलेली जागा, बसथांब्याजवळ, शाळा-रुग्णालयाच्या प्रवेशद्वारासमोर, दुसऱ्याच्या फाटकापुढे, आणि आधीच उभ्या असलेल्या गाडीला समांतर दुसरी रांग, ही ती ठळक उदाहरणे. चहाच्या टपरीसमोर फूटपाथवर अर्धी चढवलेली स्कूटर हा अगदी रोजचा देखावा असला, तरी ‘येथे फलक नव्हता’ हे तिच्या बाबतीतले उत्तर होऊ शकत नाही.

या जागा सोडल्या तर एरवी पार्किंग करता येण्यासारख्या रस्त्यावर मनाई करायची असेल, तर तिला अधिकृत आदेशाचा आधार लागतो. कलम ११५, ११६ आणि ११७ यांखाली शासनाने दिलेल्या अधिकारांतून वाहतूक शाखेचे उपायुक्त असे आदेश काढतात आणि त्यानुसार फलक लावले जातात. पुण्यातले असे आदेश पाहिले तर त्यांत गृह विभागाच्या २७ सप्टेंबर १९९६ च्या पत्रकाचा हवाला हमखास सापडतो. एखाद्या सोसायटीने किंवा दुकानदाराने स्वखर्चाने टांगलेली ‘नो पार्किंग, अन्यथा हवा सोडण्यात येईल’ ही पाटी म्हणजे असा आदेश नव्हे. तिच्यामागे फाटक असेल तर फाटकापुढे गाडी लावल्याबद्दल चलान होऊ शकते, पण केवळ ती पाटी आहे म्हणून सार्वजनिक रस्ता दुकानदाराच्या मालकीचा होत नाही.

सम-विषम तारखांचा घोळ

पी-१ आणि पी-२ हे फलक असलेल्या रस्त्यांवर एका बाजूला विषम तारखांना आणि समोरच्या बाजूला सम तारखांना गाड्या लावायच्या असतात. व्यवस्था सोपी आहे, पण तिच्यात वर्षातून निदान सात वेळा एक खाच येते. ज्या महिन्याला ३१ दिवस असतात त्या महिन्याची ३१ तारीख विषम आणि तिच्या दुसऱ्या दिवशीची १ तारीखही विषम, म्हणजे सलग दोन दिवस गाड्या पी-१ च्याच बाजूला लावायच्या. लोकांच्या अंगवळणी मात्र ‘काल इकडे, आज तिकडे’ एवढेच पडलेले असते, आणि लोकांत वाहतूक कर्मचारीही आले.

माझ्या स्कूटरवर झालेले चलान नेमके असेच होते. एका महिन्याच्या १ तारखेला सकाळी साडेनऊला पी-१ च्या बाजूला, खांबापासून दीड हातावर गाडी लावली होती, आणि दहाच्या सुमारास तिच्यावर नो पार्किंगचे चलान झाले. आदल्या दिवशीही गाड्या याच बाजूला होत्या, म्हणून आज त्या समोर असायला हव्यात, असा चलान करणाऱ्याचा समज झाला असावा. मी रागाच्या भरात दोन पाने तक्रार लिहिली. त्यात शहराची वाहतूक, खड्डे, समोरच्या मंगल कार्यालयाच्या वऱ्हाडाच्या गाड्या, सर्व काही होते. ती एका ओळीच्या उत्तराने नामंजूर झाली, आणि आज वाचताना मला ते उत्तर गैर वाटत नाही, कारण त्या दोन पानांत ‘१ ही तारीख विषम आहे’ हे साधे वाक्य चौथ्या परिच्छेदात दडले होते. दुसऱ्या अर्जात मी फक्त चार वाक्ये लिहिली आणि एक फोटो जोडला, ज्यात माझी गाडी, पी-१ चा खांब आणि मागच्या दुकानाची पाटी एकत्र दिसत होती. चलान रद्द झाले.

तो फोटो माझ्याकडे होता, कारण गाडी काढण्यापूर्वी शेजारच्या झेरॉक्सवाल्याने ‘साहेब, आधी फोटो काढा’ असे सांगितले. माझ्या स्वतःच्या मनात ते आले नसते.

पुरावा कसा गोळा करावा

गाडी अजून जागेवर असेल तर हलवण्यापूर्वीच फोटो घ्यावेत. पहिला फोटो दूरचा असावा, ज्यात गाडी, रस्त्याची कडा आणि दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक यांसारखी न हलणारी एखादी खूण एकत्र येईल. दुसरा नंबर प्लेट वाचता येईल इतका जवळचा. त्यानंतर गाडीपाशी उभे राहून रस्त्याच्या दोन्ही दिशांना दिसणारे दृश्य घ्यावे. फलक नव्हता हे दाखवायचे असेल तर एका फोटोने भागत नाही, तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन सलग व्हिडिओ घ्यावा. फलक होता पण झाडाच्या फांदीने, विजेच्या पेटीने किंवा कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सने झाकला गेला होता असे म्हणणे असेल, तर गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून आणि येण्याच्या दिशेने फोटो काढावा. फांदी हाताने बाजूला करून काढलेला फोटो आपल्याच विरुद्ध जातो. आणि हे त्याच दिवशी करावे, कारण फ्लेक्स रातोरात बदलतो.

मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीतून वेळ आणि ठिकाणाची माहिती गळून पडते, आणि प्रकरण न्यायालयात गेले तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र आपल्या फोटोंनाही जोडावे लागते, ज्यासाठी मूळ उपकरण आणि मूळ फाइल हाताशी असलेली बरी. त्या वेळी गाडी दुसरीकडेच होती असे म्हणणे असेल तर फास्टॅगची नोंद, पेट्रोल पंपाची पावती, सोसायटीच्या फाटकावरचे चित्रीकरण, गॅरेजचे जॉब कार्ड असे जे मिळेल ते लगेच मागून घ्यावे. सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांतले जुने चित्रीकरण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणू नये.

अर्ज

ई-चलानाच्या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपमध्ये तक्रार नोंदवण्याची सोय आहे. चलान निवडून कारण लिहायचे आणि फोटो जोडायचे. ऑनलाइन तक्रारीचा क्रमांक मिळाला की त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. माझा सल्ला असा की याच मजकुराची एक कागदी प्रत, ज्या वाहतूक विभागाच्या हद्दीत चलान झाले तिथे नेऊन द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्यावी. ऑनलाइन तक्रारीला यंत्रवत उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते. कागद मात्र कुणाच्या तरी टेबलावर पडून राहतो आणि कधी ना कधी त्याला उत्तर द्यावे लागते. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊन येणे म्हणजे न देण्यासारखेच आहे.

मजकूर साधारण असा असावा: “माझ्या वाहनावर दिनांक अमुक रोजी सकाळी १० वाजून ५ मिनिटांनी अमुक रस्त्यावर चलान क्रमांक अमुक अन्वये नो पार्किंगची कारवाई झाली आहे. सदर वाहन पी-१ फलकाच्या बाजूस उभे होते व त्या दिवशीची तारीख विषम होती, त्यामुळे तेथे वाहन उभे करण्यास परवानगी होती. वाहन, फलक व परिसर एकत्र दिसणारा त्याच दिवशीचा फोटो सोबत जोडला आहे. सबब सदर चलान रद्द करावे व केलेल्या निर्णयाची मला लेखी माहिती द्यावी, ही विनंती.” खाली नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, सही, आणि सोबत आरसीची प्रत जोडावी. शेवटचे वाक्य विसरू नये. लेखी निर्णय मागितला नसेल तर ‘नामंजूर’ या एका शब्दावर भागवले जाते आणि पुढे कशाविरुद्ध बोलायचे हेच कळत नाही. भाषा सौम्य ठेवावी. अर्ज वाचणारा माणूस बहुधा चलान करणाऱ्याचा सहकारी असतो, आणि त्याला आपल्या बाजूने निर्णय देणे सोपे जाईल असा कागद त्याच्या हातात देणे यातच आपले हित असते.

आदेशाची प्रत मिळवणे

मुद्दा फलकाच्या वैधतेचा असेल तर माहितीच्या अधिकाराचा उपयोग होतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून प्रश्न नेमका विचारावा: अमुक चौक ते अमुक चौक या रस्त्याच्या अमुक बाजूस अमुक तारखेस लागू असलेल्या पार्किंग मनाईच्या आदेशाची प्रत द्यावी. ‘मनाई का केली’, ‘फलक का लावला नाही’ असे प्रश्न विचारू नयेत. माहिती अधिकारात अभिलेखातली माहिती मिळते, खुलासे मिळत नाहीत. असा कोणताही आदेश अभिलेखावर उपलब्ध नाही, असे उत्तर आले तर तो कागद हरकतीतला सर्वांत वजनदार पुरावा ठरतो. आदेश निघालेला असेल तर त्यातल्या वेळा आणि अंतरे वाचावीत. मनाई एखाद्या इमारतीपासून ठरावीक मीटरपर्यंतच असते, आणि आपली गाडी त्यापलीकडे असू शकते.

गाडी उचलून नेली असेल तर

येथे परिस्थिती कठीण होते, कारण गाडी हवी असते आणि ती पैसे भरल्याशिवाय हाती लागत नाही. कलम १२७ प्रमाणे, मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन टोइंगने हलवण्याचा किंवा चाकाला जॅमर लावण्याचा अधिकार त्या हद्दीतील गणवेशधारी पोलिस अधिकाऱ्याच्या परवानगीने वापरायचा असतो, आणि टोइंगचा खर्च मालकावर पडतो. टेम्पोवर नुसतीच ठेकेदाराची मुले होती आणि पोलिस नव्हता, असे प्रत्यक्ष पाहिले असेल तर टेम्पोचा क्रमांक दिसेल असा व्हिडिओ घ्यावा. टोइंगच्या खर्चाबद्दल तक्रार करताना तो मुद्दा कामी येतो. आपण समोर असताना गाडी उचलत असतील तर त्यांना अडवू नये, हुज्जत घालू नये. तसे केल्यास पार्किंगचा साधा प्रश्न सरकारी कामात अडथळ्याच्या दिशेने जातो, आणि मग पाचशे रुपयांची आठवणही राहत नाही.

गोदामात पोहोचल्यावर पैसे देण्याआधी गाडीभोवती फिरून ओरखडे, तुटलेला आरसा, वाकलेला लिव्हर यांचे फोटो घ्यावेत. दंड आणि टोइंगचा खर्च यांच्या वेगवेगळ्या नोंदी असलेली पावती मागावी. गाडी सोडवण्यासाठी नाइलाजाने रक्कम भरत असून आपली हरकत कायम आहे, असा छोटा अर्ज त्याच दिवशी देऊन पोच घ्यावी. याने तडजोड झाल्याचा कायदेशीर परिणाम पुसला जाईलच असे समजू नये, पण टोइंगचा खर्च आणि गाडीचे नुकसान याबद्दलची तक्रार उघडी राहते.

न्यायालयाची पायरी

तक्रार नामंजूर झाली आणि दंड भरला नाही, तर चलान न्यायालयाकडे पाठवले जाऊ शकते. अनेकदा ते आधी व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे अशी चलाने ऑनलाइन हाताळणाऱ्या न्यायालयात, जाते आणि तसा एसएमएस येतो. तेथे दोनच पर्याय असतात: प्रस्तावित दंड मान्य करून भरणे, किंवा प्रकरण लढवणे. दुसरा पर्याय निवडला की प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते. व्हर्च्युअल कोर्टात कुणी आपले म्हणणे ऐकून घेत नाही. ते ऐकले जाते न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर. समन्स आले तर त्या तारखेला हजर राहावेच. वकील असलाच पाहिजे असे नाही, आणि अशी प्रकरणे संक्षिप्त पद्धतीने चालतात. पुकारा झाल्यावर गुन्हा कबूल आहे का, असे विचारले जाते. तिथे ‘कबूल नाही’ एवढेच उत्तर द्यावे आणि सांगितले जाईल तेव्हा कागद पुढे करावेत. गडबडीत ‘हो साहेब, पण…’ अशी सुरुवात करणारे बरेच असतात, आणि त्यांच्या ‘पण’पर्यंत कुणी पोहोचत नाही.

सकाळपासून बसून दुपारी तारीख मिळण्याची तयारी मात्र ठेवावी लागते. एका दिवसाची रजा आणि जाण्या-येण्याचा खर्च पाचशेपेक्षा जास्त होतो, हे उघड आहे. म्हणून पुरावा भक्कम असेल किंवा पुढच्या १,५०० रुपयांच्या दराची काळजी असेल तरच ही पायरी चढावी, असे माझे मत आहे.

सहा महिने उलटले की चलान आपोआप रद्द होते, असा संदेश फिरत असतो. त्याचे मूळ भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे, ज्यात फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यासाठी न्यायालयाला सहा महिन्यांची मर्यादा घातली आहे. हा मुद्दा न्यायालयात मांडता येतो, पण विलंब माफ करण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे, आणि संकेतस्थळावरची नोंद काही कॅलेंडर पाहून पुसली जात नाही.

लोकअदालतीबद्दलही असाच गैरसमज आहे. राष्ट्रीय लोकअदालतीपूर्वी प्रलंबित चलानांच्या नोटिसा एसएमएसने येतात, आणि आपली बाजू तिथे ऐकली जाईल या आशेने लोक जातात. लोकअदालत कोण बरोबर हे ठरवत नाही. ती समेट घडवते. तिथला निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील नाही. आठ-दहा जुनी चलाने साचली असतील आणि ती बहुतांशी खरी असतील तर लोकअदालत ही सोयीची जागा आहे. चूक केलीच नाही असे म्हणणे असेल तर तिथे जाऊन उपयोग नाही.

गाडी विकलेली किंवा क्रमांक दुसऱ्याने वापरलेला असेल तर

विकलेल्या गाडीचे चलान आपल्याला येत असेल तर आरटीओच्या नोंदीत मालक म्हणून अजून आपलेच नाव आहे, हे त्याचे कारण. विक्रीची सूचना नमुना २९ मध्ये १४ दिवसांत देणे हे विकणाऱ्याचे काम आहे. ती दिली असल्यास तिची पोच आणि विक्रीचा करार जोडून अर्ज करावा, आणि दिली नसल्यास चलानाच्या आधी ते काम उरकावे. गाडी चोरीला गेली असेल तर प्राथमिक माहिती अहवालाची प्रत पुरते, मात्र त्यावरची तारीख चलानाच्या आधीची असावी.

आपला क्रमांक लावून दुसरीच गाडी फिरत असल्याचे फोटोवरून दिसले, तर केवळ चलान रद्द करून घेण्यावर थांबू नये. आपल्या गाडीचे चारही बाजूंनी फोटो, आरसीवरचे मॉडेल आणि रंग, उच्च सुरक्षा नंबर प्लेटचा जवळचा फोटो, हे सर्व घेऊन पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. त्या गाडीने उद्या अपघात केला तर विचारणा आपल्या दारात येते.

चलान रद्द झाल्याचा निरोप आल्यावरही काही दिवसांनी संकेतस्थळावर पुन्हा गाडीचा क्रमांक टाकून पाहावे. माझे रद्द झालेले चलान यादीत तीन आठवडे ‘प्रलंबित’ म्हणून दिसत होते, आणि ते उतरवून घेण्यासाठी मला त्याच खिडकीवर, त्याच पोचेच्या प्रतीसह आणखी एकदा जावे लागले.